डावीकडची गरम जागा

मित्रांनो, ज्याच्यावर उड्या मारल्याबद्दल तुम्ही ओरडा खाता, तोच मी. तिघांना ऐसपैस बसता येईल असा एक जुना सोफा. चौघेही बसतात, पण मग कोपराने ढोसाढोशी होते.

मला घडवणारा सुतार फार काटेकोर होता. त्याने माझा सांगाडा तीन वेळा हलवून पाहिला, जराही कुरकुर ऐकू येईना तेव्हाच स्प्रिंगा बसवल्या आणि काथ्या भरला. अप्पा, म्हणजे आमच्या घरातल्या धाकट्या छकुलीचे आजोबा, तरुण असताना मला घरी घेऊन आले. माझ्यावर बसून त्यांनी वर्तमानपत्रे वाचली, मुलाला मांडीवर झोपवले आणि पुढे त्याच मुलाचे लग्नही ठरवले. पाहुणे म्हणत, "वा, सोफा काय झकास आहे!" मग मी आतल्या आत फुगून जाई. पुढे कापड विटले, एक स्प्रिंग वर आली आणि पाहुण्यांना खुर्च्या मिळू लागल्या. तेव्हा मला फार वाईट वाटले.

गेल्या वर्षी छकुलीच्या आईने मनावर घेतले. कारागीर आला आणि त्याने मला नवे निळे कापड चढवले. मी नवरदेवासारखा मिरवू लागलो. नेमक्या त्याच आठवड्यात मावशीने छकुलीला कुत्र्याचे पिल्लू दिले. गुबगुबीत म्हणून त्याचे नाव ठोंब्या पडले. आला तो मातीच्या पायांनी थेट माझ्यावर! डावीकडे दोन गिरक्या घेतल्या आणि झोपला.

आई कडाडली, "एक महिना देते. तोवर हा सोफ्यावर चढायचा थांबला नाही, तर परत मावशीकडे!" छकुलीचा चेहरा एवढासा झाला.

बाबांनी शिकवणी हाती घेतली. ठोंब्या चढला की "उतर" म्हणायचे आणि उतरला की बिस्किट द्यायचे. दोनच दिवसांत ठोंब्या तयार झाला. बिस्किट हवे असले की तो मुद्दाम चढायचा, बाबांकडे बघायचा आणि रुबाबात उतरायचा. एका रविवारी तर त्याने अर्धा डबा फस्त केला.

"बघ, किती पटकन उतरतो!" बाबा कौतुकाने म्हणाले.

"अहो, पण चढतोय कशाला?" आईने विचारले. बाबा डब्याचे झाकण लावत बसले.

मग बिस्किटे बंद झाली. आता आईसमोर ठोंब्या साळसूदपणे जमिनीवर बसे. ती कामावर गेली की दुपारी माझ्यावर, आणि तिच्या स्कूटरचा आवाज आला की टुणकन खाली. पण आईही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. आल्या आल्या ती माझ्या डाव्या बाजूवर तळहात ठेवी. "गरम आहे!" मित्रांनो, मी चहाडी करत नव्हतो हो, पण ऊब काही मला लपवता येत नाही.

महिना संपायला चार दिवस उरले. ठोंब्याचा पट्टा आणि वाडगा पिशवीत गेला. छकुली जेवेना. खरे काय ते मला ठाऊक होते, पण मला तोंड कुठे आहे?

शेवटी अप्पाच खाकरले. "त्याला पाठवू नका. चूक माझी आहे. दुपारी मीच सोफ्यावर थोपटून त्याला बोलावतो."

"अप्पा, तुम्ही?" आई म्हणाली.

"तुम्ही सगळे गेलात की घर खायला उठतं गं. कुणीतरी शेजारी लागतं."

आई उठली. मग तिने माळ्यावरून माझे जुने कापड काढले, त्यात जुन्या चादरी भरल्या आणि जाडजूड गादी शिवली. ती तिने माझ्या पायाशी, अप्पांच्या नेहमीच्या जागेजवळ टाकली. "आता थोपटायचं ते इथे. आणि बिस्किटही इथेच मिळेल."

ठोंब्याने गादी हुंगली. त्या कापडात अप्पांचा इतक्या वर्षांचा वास होता. दोन गिरक्या घेऊन तो तिथेच पसरला. पुढचे दोन दिवस तो विसरून माझ्यावर पुढचे पाय टेकवी, तेव्हा अप्पा वाकून गादीवर थोपटत. शेवटच्या दिवशी आईने येऊन माझ्यावर तळहात ठेवला. मग उलटा करून पुन्हा ठेवला. "गार आहे," ती म्हणाली आणि तिने स्वतःच्या हाताने पिशवी रिकामी केली. छकुली तिच्या गळ्यातच पडली. मला इतका आनंद झाला की माझी जुनी स्प्रिंगही दुखायची थांबली.

आता छकुलीचा अभ्यास त्या गादीवर चालतो. बाबा तिथेच लोळतात. काल आईही कामावरून आली ती ठोंब्याशेजारी बसली. तो बिचारा सरकून जागा देतो, कुणालाही "उतर" म्हणत नाही.

तर मित्रांनो, कुणाला "इथे नको" म्हणाल, तेव्हा "इथे बस" हेही सांगा. आणि घरातल्या जुन्या सोफ्यालाही विसरू नका. उड्या मारू नका, पण अधूनमधून बसा. माझी डावी बाजू हल्ली फार गार असते.