व्हिनेगरऐवजी माझी वाफ

मित्रांनो, हसू नका, पण मी एक जुनी विजेवरची सिगारेट आहे. अंगावरचा रंग उडाला आहे, आता चार्जही होत नाही. उत्तर चीनमधल्या दातोंग शहरात, एका घरात, टेबलाच्या खणात, सुया-दोऱ्यांबरोबर पडून असते.

माझा जन्म दूर दक्षिणेला, शेन्झेनच्या कारखान्यात झाला. पोटात गोडसर रस आणि खाली बॅटरी. कुणी ओढले की आतली तार तापायची आणि रसाची वाफ व्हायची. लिंग्यून नावाच्या मुलीने मला दुकानात हातात घेतले, तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, यात धूर नाही, वाफ आहे वाफ! सर्दी-खोकल्याचे जंतूसुद्धा मरतात म्हणे हिनं." त्या 'म्हणे'कडे तिचे लक्ष गेले नाही. आणि मी? मी तर अशी फुगले की विचारू नका!

नववर्षाला लिंग्यून मला घेऊन माहेरी आली. तिचे वडील, देफूकाका, कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. त्यांचे सिगारेटचे धुराडे दिवसभर चालू असायचे. आई हुइझेन दमेकरी. लिंग्यून वडिलांना म्हणाली, "बाबा, मला आईही हवी आणि तुम्हीही. ती सिगारेट सोडा, ही ओढा. हिच्या वाफेनं जंतूसुद्धा मरतात."

आणि खरेच, काकांची सिगारेट सुटली. खोकला कमी झाला. हुइझेन शेजारणीला सांगायची, "अगं, माझी सवत बदलली! ही निदान घाण तरी मारत नाही." काका मला रुमालाने पुसून ठेवत. माझे सुखाचे दिवस तेच.

पुढच्या हिवाळ्यात चाळीत घरोघरी ताप-खोकला आला. अशा वेळी इकडे खिडक्या लावून शेगडीवर व्हिनेगर उकळत ठेवतात. त्या आंबट वाफेने रोग घरात शिरत नाही, असे आजे-पणजे सांगत आले आहेत. काकांनीही पातेले चढवले. हुइझेनला ताप होताच, त्यात ती खोकून बेजार झाली.

"अहो, घशाला झोंबतंय ते!"

"मग हिची वाफ आहे की! गोड आहे, झोंबायची नाही. जंतू मरतात, पोरीनं सांगितलंय."

काकांनी खिडकीच्या फटींना कागद चिकटवले, तिच्या उशाशी बसले आणि मला ओढू लागले. एक झुरका, एक फुंकर. सबंध खोलीत माझी वाफ भरली.

"आधी धुरानं छळलंत, आता वाफेनं छळा," ती हसून म्हणाली. दुसऱ्या दिवशी मात्र तिच्या छातीतून शिट्टी वाजू लागली.

"अहो, खिडकी उघडा ना."

"जंतू येतील गं. थोडं सोस." त्यांनी मायेने तिची रजई सारखी केली आणि मला पुन्हा ओठांना लावले.

बॅटरी संपावी म्हणून मी तळमळत होते. पण काकांनी मला सकाळीच चार्ज केले होते.

शेवटी तिला दवाखान्यात नेले, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सिगारेट सोडलीत ते बरं केलंत, काका. पण कोंडलेल्या खोलीत, दम्याच्या माणसावर ही फुंकायची? हे औषध आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?" काका दोन्ही हातांत टोपी चुरगाळत उभे राहिले. हुइझेन घरी परतली नाही. तापाने किती केले आणि मी किती केले, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता आले नाही.

तेव्हापासून मी तिच्या सुयांच्या खणात आहे. मित्रांनो, मला धुरापेक्षा बरी म्हणायचे तर म्हणा, पण औषध म्हणू नका. आणि आपले माणूस गुदमरतेय म्हणाले, तर त्याला जंतूंची गोष्ट सांगत बसू नका, आधी उठा.

बाहेर बर्फ पडतो आहे. खोलीतल्या वाडग्यातले पाणी गोठले आहे. फोनवर लिंग्यून रडकुंडीला येऊन ओरडते आहे, "बाबा, गारठून मराल! लावा ती खिडकी!"

काका अंगाभोवती हुइझेनची रजई ओढून घेतात आणि म्हणतात, "उघडी असू दे. तुझ्या आईनं सांगितलंय."