छपरावरची सासू

"तुम्ही बांधलेलं कधी काही पडलंय का हो?"

विचारलं एकदाचं! माझ्या मैत्रिणी शेल्बी आणि ब्री शाळेच्या कॅन्टीनमध्ये म्हणाल्या होत्या, "तूली, एवढं त्या म्हाताऱ्याला विचारून दाखव, महिनाभर आमचे फ्राइज तुझे." गेल्या वर्षीची मी असते तर प्रश्न घशातच अडकला असता. हल्ली मात्र तोंड उघडलं की शब्द आपले आपण बाहेर उड्या मारतात.

तैस्तो रिंतालांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कॅनडातल्या आमच्या थंडर बे गावातल्या शाळा, गोदामं, चर्च, कुठलंही छप्पर घ्या, ते किती बर्फ पेलेल याचा हिशेब करण्यात या माणसाचा जन्म गेलेला. उद्घाटनाच्या फोटोत मात्र नेहमी दुसरेच कुणीतरी.

"एकदा पडलंय," ते म्हणाले. "इंजिनिअर व्हायच्या आधी. तू फाइल उघड बघू."

फाइल उघडणं हेच माझं काम. शाळेतर्फे एक सत्र कुठेतरी कामाला जायचं असतं. मला जायचं होतं आईच्या मैत्रिणीच्या सलूनमध्ये, पण तिथे जागा नव्हती, म्हणून ही रवानगी. तैस्तोंची सगळी गणितं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होती. ती एकेक करून नव्या आवृत्तीत न्यायची, दोन पडदे शेजारी शेजारी ठेवायचे आणि उत्तरं जुळतात का ते पाहायचं. जुळली की खुर्चीत बसून एक गिरकी. हा नियम माझा.

त्या दिवशी गिरकी नव्हती. छपरावरच्या बर्फाची फाइल म्हणजे सगळ्यांची आई. बाकीच्या फाइली तिच्याकडूनच आकडे घ्यायच्या. आणि नेमकी तीच जुळेना. कर्लिंग क्लबच्या खालच्या छपराला जुनी फाइल दणकट तुळई मागत होती, नवी म्हणत होती, कशाला, बारीक चालेल की!

आमच्या साहेब डार्लीन मागे येऊन उभ्या राहिल्या. "तैस्तो, शुक्रवारी जुन्याचं लायसन्स संपतंय आणि तुम्हीही निवृत्त होताय. तोवर ही जुळली नाही, तर तुमच्या सगळ्या फाइली बंद. आपण तयार साचे विकत घेऊ. रागावू नका हं."

"रागवायचं काय त्यात? टाका की," तैस्तो म्हणाले.

पण गुलाबी आयसिंगचा पर्शियन, आमच्या गावचा गोड बन, त्यांच्या बशीत तसाच राहिला. या गावात पर्शियन उष्टा टाकून उठणारा माणूस मी पाहिलेला नाही. मला एकदम भरून आलं, आणि रागही आला.

मी दोन्ही पडद्यांना नाक लावून बसले. नावं सगळी फिनिश. लुमी म्हणजे बर्फ, कात्तो म्हणजे छप्पर. फिनिश आजीमुळे मला एवढं येतं. आणि मध्येच एक छोटी पेटी: 'अनोप्पी'.

"अहो तैस्तो! अनोप्पी म्हणजे सासू ना? छपराच्या हिशेबात सासू काय करतेय?"

त्यांचे कान लाल झाले. "लग्नानंतर मी आमच्या सॉनाला, म्हणजे वाफेच्या आंघोळीच्या खोपटाला, व्हरांडा बांधला. स्वतःच्या हातांनी. वरच्या छपरावरचा बर्फ घसरून व्हरांड्याच्या छपरावर बसला, तेव्हाच सासूबाई आंघोळ करून टॉवेल गुंडाळून कॉफी घ्यायला बाहेर बसल्या होत्या. सगळं हळूच खाली बसलं. बर्फ, व्हरांडा, सासूबाई."

"बाप रे! लागलं का त्यांना?"

"छे. बर्फात कमरेपर्यंत बसलेल्या, पण कपातली कॉफी हलली नव्हती. मला म्हणाल्या, 'जावईबापू, मला हिशेबात धरलं नव्हतंत वाटतं?'"

मी इतकी हसले की डार्लीन धावत आल्या.

"तेव्हापासून वरून घसरून खालच्या छपरावर बसणाऱ्या बर्फाला मी अनोप्पीच म्हणतो," तैस्तो म्हणाले. "सांगून येत नाही, आणि एकदा बसली की हलत नाही. त्या पेटीत दोन पर्याय आहेत. आली म्हणजे एक, नाही आली म्हणजे शून्य."

मी नव्या पडद्यावरच्या पेटीवर क्लिक केलं. पर्याय उघडेनात. पुन्हा केलं. ढिम्म.

"अहो, ही पेटी नाहीच! हा पेटीचा फोटो आहे!"

झालं होतं असं, की नव्या आवृत्तीला असली पेटी माहीतच नव्हती. मग तिने चित्र काढून जागच्या जागी चिकटवलं. दिसायला तेच, आत काही नाही. आणि अगदी वर तैस्तोंनी आधी लिहून ठेवलं होतं, अनोप्पी बरोबर शून्य. म्हणजे नवी फाइल इतका वेळ सासूबाई घरी नाहीत असंच धरून चालली होती!

चित्र पुसून मी तिथे हाताने टाइप केलं, अनोप्पी बरोबर एक. नव्या फाइलीचा आकडा बदलला. शेजारच्या जुन्या आकड्याशी ताडून पाहिला. तोच! मी एवढी जोरात गिरकी घेतली की प्रिंटरवर आदळले.

"नाव तेवढं बदला," डार्लीन म्हणाल्या. "कुणाला कळणारेय ते?"

"बदला," तैस्तो म्हणाले.

"अजिबात नाही!" मी म्हणाले, आणि त्या ओळीशेजारी व्हरांड्याची गोष्ट थोडक्यात टाइप करून टाकली. डार्लीननी ती वाचली, ओठ दाबले, आणि तशाच पाठमोऱ्या हसत निघून गेल्या. तैस्तोंनी बशी जवळ ओढली.

शुक्रवारी त्यांनी जुना प्रोग्राम स्वतःच बंद केला. मग ऑफिसात वापरायचे जोडे पायातून काढून पिशवीत घातले, बर्फाचे बूट चढवले, मला मानेने निरोप दिला आणि निघाले. पार्किंगमध्ये पोचल्यावर मागे वळून त्यांनी आमच्या ऑफिसचं छप्पर नीट न्याहाळलं, मग गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला घेतला.

रात्री जेवताना आई खुशीत म्हणाली, "तूली, सलूनमध्ये जागा झालीय. पुढच्या सत्रापासून ये म्हणतायत."

बाबांनी बटाटे पुढे सरकवले. मी काटा खाली ठेवला.

"आई, बाबा, त्यांना नाही म्हणून कळवा. पुढचं सत्रही मी त्याच ऑफिसात काढणारेय, तैस्तोंच्या उरलेल्या फाइली तपासायच्यात. आणि शाळेत मी फिजिक्स घेतेय."