घड्याळाच्या पाठीवरचं कुंकू

धामणगाव बढ्याच्या शेषरावांचा साठी उलटली तरी दोन गोष्टींवर विश्वास बसला नव्हता. एक हवामानाचा अंदाज आणि दुसरं पाण्यानं न बिघडणारं घड्याळ. पहिल्याचा त्रास पावसाळ्यापुरता असे, दुसरं मात्र थेट त्यांच्या मनगटावरच येऊन बसलं होतं.

उन्हाळ्यात ते वावरात चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी छातीची गोळी सुरू केली, आणि पुण्यात नोकरीला असलेली लेक पूनम तडक आली ती वावर बटईनं दुसऱ्याला कसायला देऊन आईबापांना घेऊन जायला. शेषराव चार दिवस तोंड पाडून बसले. शेवटी तोड निघाली. पूनमनं हे घड्याळ आणलं. ते छातीचे ठोके आणि चाललेली पावलं मोजायचं, आणि मोबाईलमधून ते आकडे पुण्यात तिला दिसायचे. आकडे नीट येतील तोवर वावर शेषरावांचं. बंद पडले की बिऱ्हाड पुण्याला.

मग काय, शेषरावांनी घड्याळाचे असे काही लाड सुरू केले, की पूनमचेसुद्धा लहानपणी झाले नसतील. आंघोळीला जाताना ते देवघरात बाळकृष्णाशेजारी बसायचं. फवारणीच्या दिवशी त्याच्यावर प्लास्टिकची पन्नी चढायची. बायकोला, रुखमाबाईंना, काचेला बोट लावायची मनाई होती.

"बाबा, पाणी लागलं तरी काई होत नाई त्याले. उलट घाम बसला की धुवा," पूनम फोनवर सांगायची.

"हाव," शेषराव म्हणायचे आणि धुवायचे नाहीत.

दसऱ्याच्या दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. आवाज कडक होता.

"बाबा, कालपासून पावलं दिसून राह्यली, ठोके दिसत नाईत. ठोके नाई तं चालून कोन राह्यलं? बैलाच्या गळ्यात बांधलं काय घड्याळ?"

शेषरावांना ते फार लागलं. लबाडी त्यांनी बैलबाजारातसुद्धा केली नव्हती. त्यांनी मनगट पाहिलं. ठोक्यांच्या जागी नुसत्या दोन रेघा. धोतराच्या सोग्यानं त्यांनी काच पुसली, फुंकर मारली, पुन्हा पुसली. रेघा हलल्या नाहीत.

"मी आजच्या गाडीनं निघून राह्यली," पूनम म्हणाली. "सामान बांधून ठेवा."

शेषराव मटकन ओट्यावर बसले. खरंच भ्याले ते. कपाशी वेचणीला आली होती आणि पुण्यात त्यांना करायला काय होतं, गॅलरीतल्या कुंडीला पाणी घालायचं?

तेवढ्यात रुखमाबाई पदर सारखा करत दाराशी आल्या. त्यांचा चेहरा काही ठीक नव्हता.

"म्या काल पूजा केली त्याची," त्या हळूच म्हणाल्या. "तुमी आंघोळीले गेलते तवा. खंडेनवमी व्हती ना. इळा, कुऱ्हाड, फवारनीचा पंप, समद्याईले हळदीकुंकू लावलं. मंग यालेच काऊन सोडाव? वावर तं त्याच्याच जिवावर हाये."

"अवं, पन काच तं साफ हाये."

"काचेले हात लावू नोको म्हनता ना तुमी? म्हनून पालथं ठेवलं. पाठीवर लावलं. चांगलं ओलं करून."

घड्याळाला पाठ असते आणि तिच्याकडे काही काम असतं, हे शेषरावांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी पट्टा सोडला. पाठीवर हळदीकुंकवाचा जाड थर वाळून बसला होता, आणि त्याच्याखाली ठोके टिपणारा हिरवा दिवा बिचारा मिणमिणत होता.

फोन चालूच होता, त्यातून पूनमचं हसू फुटलं. मग तिनं डोळे पुसले आणि कामाचं बोलली. "आता साध्या पान्यानं धुवा. साबन नोको, गरम पानी नोको, अन् आईची भांडे घासाची राख तं बिलकुल नोको. मऊ फडक्यानं पुसा, पट्ट्याखाली ओल राहू देऊ नोका."

शेषराव तांब्या घेऊन उभे राहिले. हात काही तिरपा होईना. मेलं तर पुणं, आणि न धुतलं तरी पुणंच. शेवटी रुखमाबाईंनीच त्यांच्या कोपराला खालून धक्का दिला. लाल पाणी ओट्यावरून वाहत गेलं. फडक्यानं टिपून, पट्टा कोरडा करून शेषरावांनी घड्याळ मनगटावर चढवलं आणि तिघंही श्वास धरून पाहत राहिली.

रेघा गेल्या. आकडा आला.

"एकशे चार," पूनम म्हणाली. "एवढे काऊन, बाबा?"

"तू न्याले येऊन राह्यली म्हनून."

तिनं तो आकडा पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "बरं. नाई येत मंग."

शेषरावांनी फोनच्या पडद्यावरच्या तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. उन्हाळ्यापासून लेक रोज त्यांचे ठोके पाहत होती, पण त्यांनी तिला समोर पाहिलं नव्हतं.

"ये ना," ते म्हणाले. "न्याले नोको येऊ, बाप्पा. नुसती ये."

पूनमच्या मोबाईलवर आकडा एक-एक करून उतरत होता. ब्याण्णववर आला तेव्हा ती बॅग भरायला उठली.