कट्ट्याचे आंबे आणि माझा तिसरा प्रश्न

मी प्रश्नांचं झाड बोलतोय. मला मुळं नाहीत, पानं नाहीत; आहेत ते नुसते प्रश्न. ‘हो’ म्हणालात तर या फांदीवर, ‘नाही’ म्हणालात तर त्या फांदीवर. शेवटी मी सांगतो, समोरच्या हापूसमध्ये साका आहे की नाही. साका म्हणजे देखण्या आंब्याच्या आतला पांढरट, आंबूस गर. तो कापल्याशिवाय दिसत नाही, आणि कापलेला आंबा परदेशी कोण पाठवणार?

माझा जन्म १९८७ सालचा, मालवणातल्या एका संगणकातला. गणित शिकवणाऱ्या नीरजाबाईंनी हंगामभर टोपल्याच्या टोपल्या आंबे कापले, प्रत्येकाची माहिती संगणकाला पुरवली आणि त्यातून मी वाढलो. माझ्याआधी तिथं साक्याची शक्यता आकड्यात सांगणारं एक गणिती सूत्र होतं. हुशार, पण घुमं. आकडा सांगायचं; कारण विचारलं की तोंडाला कुलूप! मला मात्र बाईंनी पुठ्ठ्यावर काढून आंब्यांच्या वखारीत टांगलं.

पुढच्या हंगामात जवळच्या कट्टा गावच्या सुगंधाबाई वखारीत आल्या. त्यांचे आंबे पहिल्यांदाच परदेशी जायचे होते. वखार सांभाळणाऱ्या भाईंनी मला आणि सूत्राला, दोघांनाही विचारलं. दोघांचं उत्तर एकच: साका.

सुगंधाबाईंचा चेहरा पडला. पण त्या हलल्या नाहीत. मला वरपासून वाचत तिसऱ्या प्रश्नाशी थांबल्या: ‘आंबा कट्ट्याचा आहे का?’

“अगो बाय, आंब्याक आपलो गाव म्हायत आसता काय?” त्या तिथंच असलेल्या नीरजाबाईंवर कडाडल्या. “माझे आंबे सावलेत, गवतार होते!”

“आणि बाकीच्यांचे खंय ठेवतत, काकी?”

“स्टँडार, तापलेल्या कातळार. टेम्पो येईसर थंयच!”

नीरजाबाईंनी सुगंधाबाईंच्या पेटीतले काही आंबे कापले. सगळे केशरी. दोष गावाचा नव्हता, तापलेल्या जमिनीचा होता. सूत्राच्या पोटातही कट्टा दडलेला होताच, पण तो दिसणार कुणाला? बाईंनी माझा तो प्रश्न खोडून लिहिलं: ‘काढल्यावर आंबा तापलेल्या जमिनीवर होता का?’ सुगंधाबाईंच्या पेट्या त्याच दिवशी रवाना झाल्या.

नंतर पुन्हा आंबे कापून आमची परीक्षा झाली. मी सूत्राच्या पुढे गेलो! आणि कट्ट्याची माणसं आता स्टँडवर आधी गवत पसरतात, मग आंबे ठेवतात. नुसत्या आकड्यानं हे झालं असतं का?

आज मी कडा झिजलेला, आंब्याच्या चिकानं डागाळलेला पुठ्ठा आहे. माझी विनंती एवढीच: माझं उत्तर मानण्याआधी मला वाचा. चुकीचा प्रश्न दिसला तर बिनधास्त खोडा. माझ्या अंगावरच्या त्या खाडाखोडीचा मला फार अभिमान आहे.