दुसरी ओळ

सकाळपासून नूरबानोचा पाय एका जागी ठरत नव्हता. चुलीवर खळ करपली, दाभण बोटात घुसलं, तरी तिचं सारं लक्ष त्या एका पुस्तकाकडे. वाचनालयातून दुरुस्तीला आलेल्या गठ्ठ्यात ते निघालं होतं. पाठ उसवलेली आणि आत हिरवा दोरा. वीस वर्षांपूर्वी ऐनवेळी दोरा संपला म्हणून स्वतःच्या ओढणीची किनार उसवून तिनंच ते शिवलं होतं.

नाशकात दूधबाजारामागे तिच्या नवऱ्याचा, निसारचा, पुस्तकं बांधायचा धंदा होता. पानं तो लावायचा, शिवायची ती. तिला अक्षरओळख नव्हती. पण लग्न होऊन आली तेव्हाच निसारनं बजावलं होतं, "पुस्तकाची पहिली ओळ ऐकल्याशिवाय सुईत दोरा ओवायचा नाही. आमच्या उस्तादांची रीत आहे." मग पान डोळ्यांसमोर धरून तो ओळ वाचायचा. फक्त एक. वाचत बसलं तर पोट कशावर भरायचं? अशा शेकडो ओळी तिच्या डोक्यात साठल्या होत्या. कुठे राजा शिकारीला निघालेला, कुठे विहिरीत चंद्र पडलेला. राजा कधी परतला नाही आणि चंद्र कुणी काढला नाही. असल्या अर्धवट मंडळींना डोक्यात घेऊन संसार करायचा म्हणजे काही खायचं काम नाही!

त्यातही हिरव्या दोऱ्याची ओळ तिला फार छळायची. "गाठोडं बांधून ती उंबऱ्यापर्यंत आली, आणि दाराशी कोण उभं आहे ते पाहून थबकली." तेव्हा ती सतरा वर्षांची होती, सासर सोसवत नव्हतं. तिचंही गाठोडं कोनाड्यात लपवलेलं होतं. नांदगावला माहेरी जायचं म्हणून द्वारका चौकात स्टेशनचा टांगा कधी मिळतो, तेही ती विचारून आली होती. ती ओळ ऐकली आणि तिनं ठरवलं, दाराशी कोण होतं तेवढं कळू दे, मग जाऊ. विचारायला गेलं तर आपलं गाठोडं उघडं पडेल, या भीतीनं तिनं कधी विचारलं नाही. आणि ती राहिली.

दुपारी निसार नमाजला गेला होता. शाळेच्या मास्तरीण चंद्रभागाबाई आपले नकाशे न्यायला आल्या, तर नूरबानोनं पुस्तक त्यांच्या हातात कोंबलं.

"बाई, पहिली ओळ मला पाठ आहे. दुसरी वाचा."

"पाठ आहे?" बाई हसल्या. "'म्हैस विकत घेताना प्रथम तिचे दात पाहावेत.' हीच ना?"

"नाही हो! गाठोडं, उंबरा..."

"भाभी, हे जनावरांच्या निगेचं पुस्तक आहे." बाईंनी पानं चाळली. "गोचीड आहे, खुरकत आहे. गाठोडं कुठे दिसत नाही."

नूरबानोनं गठ्ठ्यातलं दुसरं ओळखीचं पुस्तक पुढे केलं. राजा ज्यात होता, ती भूमिती निघाली. बाई गेल्या तरी ती दारातच उभी राहिली.

निसार आला.

"तुम्हाला मराठी वाचता येतं?" तिनं विचारलं.

त्यानं टोपी काढून हातात घेतली. "आकडे येतात," तो म्हणाला. पानांवरचे आकडे पाहूनच तो आजवर पुस्तकं लावत आला होता.

"वीस वर्षं खोटं वाचलंत! जीव टांगून ठेवलात माझा!" ती कडाडली.

"मी रोज भ्यायचो, आज तू दुसरी ओळ विचारशील म्हणून. तू कधी विचारलीच नाहीस."

"आज विचारते. दाराशी कोण होतं?"

निसार त्या हिरव्या दोऱ्याकडे बघत राहिला. "कोनाड्यातलं गाठोडं मी त्या दिवशी सकाळीच पाहिलं होतं, बानो. जाऊ नको म्हणायला जीभ रेटेना. दिवसभर दाराशी मीच उभा होतो."

नूरबानोचे डोळे भरून आले होते आणि राग काही गेला नव्हता. मग तिनं ते म्हशीचं पुस्तक उघडून त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि सुई हातात घेतली.

"दुसरी ओळ वाचा," ती म्हणाली. "दोरा ओवायचा खोळंबलाय."