एक अनुत्तीर्ण

मेडिसिन विभागाचा वार्षिक अहवाल मॅडम स्वतः लिहीत. कारकुनाने आकडे आणून द्यायचे आणि मॅडमनी ते वाक्यांत बसवायचे, ही त्या विभागप्रमुख झाल्यापासूनची नऊ वर्षांची वहिवाट. यंदा सांगण्यासारखं बरंच होतं. वॉर्डात बारा खाटा वाढल्या होत्या, हृदयाच्या सोनोग्राफीचं नवं यंत्र आलं होतं आणि शेवटच्या वर्षाचे अठ्ठ्याण्णवपैकी सत्त्याण्णव विद्यार्थी पास झाले होते.

"तेवढा एक पास झाला असता तर शंभर टक्के लिहिता आलं असतं," कारकून हळहळला.

"एक नाही, एकजण. मुलगी होती," मॅडम म्हणाल्या.

ती त्यांच्या चांगली लक्षात होती. तोंडातल्या तोंडात बोलते म्हणून वर्गाने तिचं नाव 'पुटपुटी' ठेवलं होतं. प्रात्यक्षिक परीक्षेत तिच्या वाट्याला दम्याची रुग्ण म्हणून बसवलेली एक शिंपीण आली होती. पुटपुटीने तपासलं आणि सांगितलं, हृदयाच्या ठोक्यानंतर फुसकाऱ्यासारखा बारीक आवाज येतोय. मॅडमनी स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटले, नीट ऐकलं. काहीच नव्हतं.

"पुन्हा ऐक."

"येतोय, मॅडम."

"नसलेलं ऐकणारा डॉक्टर बहिऱ्या डॉक्टरपेक्षा वाईट," मॅडम कडाडल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही ऐकलं, जरा घुटमळले आणि म्हणाले, "तुम्ही म्हणता तर नसेलच." मॅडमच्या कानांची ख्यातीच तशी होती. त्यांना म्हणे वॉर्डाच्या दारातून ठोके ऐकू येतात, असं पोरं गमतीने म्हणायची. पुटपुटी नापास झाली.

कारकून गेल्यावर मॅडमनी नव्या यंत्राच्या तपासण्यांची यादी समोर ओढली. 'यंदाची प्रगती' या मथळ्याखाली घालायला दोन-चार ठळक निदानं हवी होती. आठव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. शिंपीण, वय एकेचाळीस. झडपेतून रक्ताची गळती, मध्यम स्वरूपाची. तारीख परीक्षेच्या दुसऱ्या दिवसाची.

मॅडमनी ती तारीख पुन्हा वाचली. त्यांनी परीक्षेला हजर असलेल्या, हाताखालच्या डॉक्टरांना बोलावलं.

"ही तपासणी तुम्ही सांगितली होती?"

"हो." त्यांची नजर खाली. "परीक्षेनंतर मी सहज ऐकलं. आवाज होता."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमच्यासमोर ब्र कोण काढणार, मॅडम?"

शिंपीण त्याच आठवड्यात फेरतपासणीला आली. मॅडमनी दार लावून घेतलं, पंखा बंद केला, स्टेथोस्कोप लावला. ठोके ऐकू आले. ठोक्यांच्या मधे नुसती शांतता. "डॉक्टरीणबाई, काय झालं?" शिंपीण घाबरून विचारत होती, आणि तेही मॅडमना तिच्या ओठांवरून कळलं.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भाजी निवडत बसला होता.

"दोन वर्षं सांगतोय, कान तपासून घे. पण माझ्या बोलण्याकडे तू कायम कानाडोळा केलास." एरवी या कोटीवर तो स्वतःच हसला असता. आज हसला नाही. भाजी बाजूला सारून त्याने विचारलं, "आता काय करणार?"

"दोन वर्षांत मी किती जणांना 'हृदय उत्तम आहे' म्हणून घरी पाठवलं असेल, याचा हिशेबच लागत नाही रे."

कान तपासून झाले. बारीक, उंच पट्टीचे आवाज जवळजवळ गेलेच होते.

अहवाल वाचण्याच्या वार्षिक बैठकीआधी मॅडमनी डीनना गाठलं आणि अहवाल पुढे ठेवला. 'पुढील वर्षाची उद्दिष्टे' या मथळ्याखाली एकच गोष्ट होती: विभागप्रमुखांनी गेल्या दोन वर्षांत तपासलेल्या रुग्णांना परत बोलावून पुन्हा तपासणे.

डीननी दोनदा वाचलं. "अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलीचा निकाल सुधारून घेऊ गुपचूप. हे कशाला छापायचं? उद्या लोक कॉलेजच्या नावाने खडे फोडतील."

"फोडू द्या. त्यातल्या एखाद्याचं हृदय बंद पडलं तर?"

"आणि तुमची खुर्ची?"

"तिचं तुम्ही ठरवा. परीक्षक म्हणून मी यापुढे बसणार नाही, एवढं मी ठरवलंय."

बैठकीत मॅडमनी ते वाचलं. कुणी विरोध केला नाही, कुणी पाठही थोपटली नाही. डीननी छापील प्रतीतलं ते पान मात्र गाळायला लावलं. रुग्णांना बोलावण्याची परवानगी दिली, तीही तोंडी.

निकाल दुरुस्त होऊन पुटपुटी पास झाली, पण तोवर चार महिने गेले होते. तिच्याबरोबरचे सगळे वॉर्डात कामाला लागले होते. मॅडमनी तिला खोलीत बोलावून समोर बसवलं.

"चूक माझी होती. मला ऐकू येत नव्हतं. मी तुझी माफी मागते."

मुलगी काहीतरी बोलली.

"जरा मोठ्याने बोल बाळा, मला खरंच ऐकू येत नाही."

"मी म्हटलं," तिने आवाज चढवला, "मला तो आवाज त्या दिवशी स्पष्ट आला होता. पण नंतर घरी आजोबांना तपासलं, तेव्हा आवाज आल्यासारखा वाटला आणि मी गप्प बसले. म्हटलं, मला नसलेलंच ऐकू येतं."

"आजोबा कसे आहेत?"

"दवाखान्यात आहेत. पाय सुजले, दम लागला, तेव्हा कळलं."

सांत्वनाचे शब्द मॅडमच्या ओठांपर्यंत आले आणि त्यांना स्वतःलाच पोकळ वाटले.

"त्यांना आपल्या वॉर्डात आणतेस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आई नको म्हणते. या कॉलेजात नको म्हणते." ती उठली. दारापाशी थांबून म्हणाली, "मी विचारून बघते पुन्हा."

बाहेर बाकांवर परत बोलावलेली पहिली वीस माणसं बसली होती. काही वैतागलेली, काही भेदरलेली. हाताखालच्या डॉक्टरांनी पहिल्या म्हाताऱ्याला आत घेतलं. मॅडम कागद-पेन घेऊन शेजारी बसल्या, आणि ते सांगतील ते लिहून घेऊ लागल्या.