पहिली भाकर

“आज वाघाचा उपास हाय, अम्मा. हप्त्यातून एक दिवस गोश्त बंद,” पिंजऱ्याचा राखणदार म्हणाला.

“अगं माय! कोण्या देवाचा म्हणायचा?” तानुबाईनं विचारलं.

“देवाचा न्हाई, पोटाचा. पडून पडून पोट बिघडतंय त्याचं.”

भोवतालची माणसं खो खो हसली. तानुबाई हसली नाही. जन्मभर एकादश्या केलेल्या बाईला उपाशी जीवाचं हसू कसं येणार? तिनं वाघाला हात जोडले आणि शेजारी उभ्या चार वर्षांच्या नातीला, गोजरला, म्हणाली, “बघ बाई, वाघ बी आपल्यावाणीच.”

कारण आज एकादशी नसतानाही तानुबाईच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. झरी गावच्या सप्ताहात एकदा कीर्तनात बुवांनी सांगितलं होतं, की दावणीच्या मुक्या जीवाला घास दिल्याशिवाय घरधनिणीनं ताटावर बसू नये. देव आधी गोठ्यात डोकावतो आणि मग देवघरात येतो. तेव्हा तानुबाई नवी नवरी होती. टाळांच्या गजरात ऐकलेलं ते वाक्य तिनं पदरात बांधून घरी आणलं, आणि तव्यावरची पहिली भाकर त्या दिवसापासून बैलांची झाली.

चैतात भुजंगनं, तिच्या लेकानं, बैलजोडी विकली. तो मानवतला जिनिंगवर कामाला लागला होता, शेत बटईनं दिलेलं. बैल उभे ठेवून खायला काय घालायचं, हे त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. तानुबाई त्यावर अक्षर बोलली नाही. पहिली भाकर मात्र रोज थापायची आणि शेजारच्या नर्मदाबाईच्या गाईला नेऊन द्यायची. तिचं ते न बोलणंच भुजंगला जास्त लागायचं. त्यात गोजर उठता-बसता विचारायची, “बाबा, आपले बैल कवा येणार?” शेवटी एकदा तो वैतागून बोलून गेला, “बैलाचं काय घिऊन बसलीस? तुला वाघ दावतो, वाघ!”

तो वाघ दाखवायला सगळे औरंगाबादला आले होते. मागच्या खेपेला नामांतराच्या बंदमुळं एस्टी अर्ध्या वाटेतून परत फिरली होती. या खेपेला अंधारातच निघाले. नर्मदाबाईची गाय तेव्हा रानातल्या आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यात, होती. म्हणून तानुबाईनं पहिली भाकर फडक्यात बांधून बरोबर घेतली होती. एवढ्या मोठ्या बागेत एक तोंड मिळणार नाही का?

तोंडं रगड होती. पण हरणाच्या जाळीपाशी तिनं फडकं सोडलं तसा तोच राखणदार धावत आला.

“नक्को अम्मा, नक्को! पाटी बघा. बाहेरचं खायला घालायचं न्हाई.”

“मला कुठं वाचता येतंय बाप्पा! घरच्या ज्वारीची हाय रे, बाधायची न्हाई.”

“तुमची न्हाई बाधत. पण एकाला हो म्हनलं की हजार हात येतेत.”

तिला ते पटलं. तिनं भाकर पुन्हा बांधली.

लिंबाखाली सून छबूनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. गोजर हात मागं घेऊन बसली.

“खा की गं,” छबू म्हणाली.

“आजी खाईना. मी बी न्हाई.”

“आगं, तू ल्हान हायेस. तुला सगळं माफ हाय,” तानुबाई काकुळतीला आली.

“वाघ बी खाईना!”

पोर महिनाभरापूर्वी गोवरातून उठलेली. ओठ सुकले होते. छबूनं घास तोंडाशी नेला, तर तिनं दात घट्ट मिटले. भुजंगचा तोल गेला.

“माय, लेकराचा जीव घेतीस का? टाक ती भाकर कुठं बी अन् जेव! चारची एस्टी हुकली तर इथंच मुक्काम पडंल. सकाळी मव्ही हजेरी हाय.”

तानुबाईनं दशमीचा तुकडा मोडला. गोजरकडं बघत तोंडापर्यंत नेला. हात तिथंच थांबला. तिला भूक नव्हती असं नाही, पण हात पुढं जाईना. डोळे मात्र भरून आले. “भुजंगा,” ती हळूच म्हणाली, “मला ह्येच एक येतंय रे.”

राखणदार जाता जाता थबकला. मायलेकांकडं त्यानं पाहिलं, डोकं खाजवलं.

“अम्मा, पाटी पिंजऱ्यातल्याला हाय. मागं चाऱ्याची गाडी सोडलीय. तिचा बैल काय पिंजऱ्यात न्हाई.”

मागच्या फाटकापाशी, सोडलेल्या गाडीजवळ, एक म्हातारा बैल उभा होता. एक शिंग खाली वाकलेलं, खांद्यावर जुवाचा घट्टा. तानुबाईनं आधी त्याच्या कपाळावरून हात फिरवला, मग भाकर पुढं धरली. बैलानं ती हुंगली आणि ओल्या जिभेनं तिच्या तळहातासकट ओढून घेतली.

“आजी, त्यानं खाल्ली! आता जेवू?”

तिथंच, गाडीच्या सावलीत, आजी-नात जेवल्या. गोजरनं दोन दशम्या संपवल्या आणि तिसरीला हात घातला. छबूनं उरलेल्या दशम्यांची चवड आवरायला घेतली.

“निघा आता,” ती म्हणाली. “आवं, ऐकलं का?”

भुजंगनं ऐकलं नव्हतं. इस्त्रीची पँट सावरत तो बैलाच्या मानेखाली वाकला होता. गळ्याखाली लोंबणाऱ्या कातड्याच्या पोळीत बोटं घालून तो गोचीड शोधत होता. बैलानं मान उंच करून त्याच्या खांद्यावर टेकवली होती.

“भुजंगा,” तानुबाई म्हणाली, “एस्टी जाईल रे.”

“जाऊ दे माय,” तो वर न बघताच म्हणाला. “एवढी एक काढतो.”